भरलेला माठ

९ नोव्हेंबर, शनिवार

दहिवली. घर उघडलं सकाळी ११.२० ला.

रसायनीच्या कंपनीत एकतीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं, त्यामुळे तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही. हे रजिस्टरही कंपनीचंच आहे, निवृत्त झालो तेव्हा कोरं राहिलेलं. चोरी म्हणा हवं तर.

लिहायला लावलं ते कमलेशनं. रेजायनाच्या विमानतळावर सोडताना म्हणाला, "बाबा, भावनेच्या भरात काही ठरवू नका. दोन रकाने करा. तिकडे काय, इकडे काय. महिनाभर लिहा आणि मग सांगा." मुलगा कॅनडात विमा कंपनीत आहे, त्याला कशाचंही कोष्टक करता येतं. परतीचं तिकीट १२ डिसेंबरचं आहे. त्या तारखेला गेलो नाही तर तिथे राहायचे माझे कागद रद्द होतील, आणि पुन्हा अर्ज करत बसायचं माझं वय नाही. म्हणजे गेलो तर हे घर विकून कायमचा, राहिलो तर तेही कायमचा.

तिकडे: नळ फिरवला की गरम पाणी, चोवीस तास. दोन वर्षांत वीज एकदाही गेली नाही. बस ८.१४ ची म्हटली की ८.१४ ला. बाहेर उणे तीस असलं तरी घरात बनियनवर बसता येतं.

इकडे: ११.५० ला वीज गेली, २.०५ ला आली. टाकी गळते. आंघोळीला बंब पेटवावा लागणार आणि लाकडं ओली आहेत.

एक गोष्ट मात्र रकान्यात बसत नाही. दोन वर्षं बंद असलेल्या घरात धूळ नाही. मागच्या अंगणातली तुळस हिरवीगार. स्वयंपाकघरात तिवईवर माठ काठोकाठ भरलेला. मी पाण्याचा वास घेतला, मग चव घेतली. शिळं नव्हतं, आजचंच होतं.

शेजारच्या दत्ताला विचारलं. तो म्हणाला, "किल्ली तुमी मला दिलीच कुटं, नाना? मी आपला रस्त्यावरनं बगतो. मागच्या अंगाला माजी नजर नाय जात."

किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात. दुसरी मोतीबाईकडे असायची. ठाकरवाडीवरून आमच्याकडे वीस वर्षं कामाला येत होती. कॅनडाला निघताना मी बायकोला बजावलं होतं, किल्ली परत घे. रिकामं घर वाडीवरच्या बाईच्या ताब्यात कशाला? "घेतलीस ना?" असं विचारलं तेव्हा ही म्हणाली, "घेतली."

ही आता नाही. ११ फेब्रुवारीला तिकडेच गेली. हे वाक्य मला लिहिता येतं असं दिसतंय. तोंडानं अजून कोणाला सांगितलेलं नाही. नातेवाइकांना कमलेशनंच कळवलं, आणि इथे जे भेटतात त्यांना आधीच माहीत असतं.

आमच्या खोलीचं दार लावून घेतलंय. पुढच्या खोलीत कॉटवर झोपेन.

११ नोव्हेंबर

सकाळी ६.३० ते ७.३० पुलापर्यंत फिरून आलो. उल्हास नदीवर धुकं होतं. तिकडे हिवाळ्यात मी मॉलमध्ये फिरायचो, काचेच्या आत, चिनी आणि पंजाबी म्हाताऱ्यांबरोबर. गुडघ्याला ते बरं पडायचं, हे मान्य करायला हवं.

जाताना चहाचा कप मोरीत तसाच टाकून गेलो होतो. परत आलो तर कप धुऊन ओट्यावर पालथा घातलेला, आणि ओट्याचं फडकं तीन घड्या घालून शेजारी. फडक्याच्या तीन घड्या ही घालायची. चार घातल्या तर आतून वाळत नाही म्हणायची. माठ पुन्हा काठोकाठ.

अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

संध्याकाळी सातला मागच्या दाराची कडी दोनदा वाजली. जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. दिव्याच्या वेळेला ही मागचं दार उघडायची तेव्हा ती कडी अशीच दोनदा वाजायची. वारा नव्हता. मी केमिकल प्लँटमधला माणूस आहे, वाऱ्याची दिशा बघायची सवय आहे.

१४ नोव्हेंबर

इकडे: वीज तीनदा गेली. बंबाच्या धुरानं डोळे चुरचुरले. प्रचाराच्या रिक्षा सकाळपासून बोंबलतायत.

तिकडे: शांतता. ही तिला शांतता म्हणायची नाही. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा केकाटायचा, मग ही टॉवेल घेऊन खुर्चीवर चढायची आणि आम्ही सगळे हसायचो. खिडक्यांना दुहेरी काच, हिवाळाभर उघडायच्या नाहीत. तिथे उभी राहून बघत बसायची. बाहेर सगळं सपाट, टेबलासारखं. एकदा म्हणाली, "नजर टेकवायला एक डोंगर ठेवला नाही हो यांनी." मी म्हटलं, डोंगर नाही म्हणून तर बस वेळेवर येते.

कप धुतलेला, माठ भरलेला, कडी सातला. रोजचंच झालंय.

१७ नोव्हेंबर, रविवार

नेरळहून हिची बहीण संध्या आली. रडली, मग भाकऱ्या भाजल्या, मग पुन्हा रडली. तिच्याकडे आता चारी बाजूंना इमारती झाल्यात, माथेरानचा डोंगर गच्चीवर गेल्याशिवाय दिसत नाही म्हणाली.

मी म्हटलं, "तुझा मात्र तिला मोठा आधार होता. रोज जेवण झालं की तळघरात इस्त्री करायला जायची आणि तासभर तुझ्याशी बोलत बसायची."

संध्यानं भाकरी तव्यावरच राहू दिली. "रोज? भावजी, ती मला फक्त रविवारी करायची. दहा मिनिटं."

इस्त्रीचा वास वर यायचा, बोलण्याचा आवाज यायचा, मधूनच हसण्याचाही. तिकडे संध्याकाळचे सात म्हणजे इथे सकाळचे साडेसहा. एवढ्या सकाळी ही कोणाशी बोलत होती?

संध्याला घरातल्या गोष्टींबद्दल काही सांगितलं नाही. मला ठाण्याला डॉक्टरकडे नेईल.

२० नोव्हेंबर

मतदान केलं. यादीत माझ्या नावाखाली हिचं नाव आहे. टेबलावरच्या मुलीनं माझ्या नावावर रेघ मारली आणि पेन खाली नेत विचारलं, "मॅडम नाही आल्या?"

मी म्हणालो, "नाही आल्या."

"पाठवा मग. सहापर्यंत चालू आहे."

हो म्हणालो आणि बाहेर आलो. एवढं साधं वाक्य होतं, माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणीही सांगून टाकलं असतं. घरी येऊन सहा वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसलो. लाज वाटते लिहायला.

२४ नोव्हेंबर

कमलेशचा फोन. हर्षलाही बोलली, माझी सून. गुणी मुलगी आहे, माझ्यासाठी तिनं बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली होती. घर बघायला माणूस पाठवू का, असं कमलेशनं विचारलं. मी म्हटलं थांब.

या रजिस्टरमध्ये खोटं लिहायचं नाही, नाहीतर लॉगबुकाला अर्थ नाही. म्हणून लिहितो. गेल्या जानेवारीत आमची परतीची तिकिटं काढलेली होती, सव्वीस तारखेची. हिनं सुटकेस भरली होती. मग ती तिकिटं रद्द झाली.

रद्द झाली नाहीत, मी केली. कमलेश एकदाच म्हणाला, "एवढ्या घाईनं कशाला, उन्हाळा सुरू झाला की जा." मी त्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. मला आठवलं होतं की इथे पहाटे थंडी असेल आणि बंब पेटवावा लागेल. तेवढंच कारण. हिनं सुटकेसमधल्या साड्या काढून पुन्हा कपाटात लावल्या, एकेक.

फेब्रुवारीच्या एक तारखेला ताप आला. मग न्यूमोनिया. दहा दिवस दवाखाना. सगळ्यांनी होईल ते केलं, कोणाला बोल लावायला जागा नाही. शेवटच्या दिवशी मी कुठे होतो ते इथे लिहीत नाही.

तिकडचं तळं गोठलेलं होतं, त्यामुळे अस्थी दोन महिने तळघरात होत्या, कपडे वाळवायच्या मशीनच्या वरच्या फळीवर. तिथेच ही इस्त्री करायची. एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळला तेव्हा तळ्यात सोडल्या. थोड्या इकडे आणता आल्या असत्या. कागदपत्रांची कटकट आहे म्हणून मीच नको म्हटलं.

आणि तरीही ती इथे आली आहे असं मला वाटतं. कशी आली असेल, आणि माझ्यावर रागावून आली असेल का, हा एकच प्रश्न दिवसभर डोक्यात असतो.

२८ नोव्हेंबर

दत्ताची आई गोदूबाई वालाच्या शेंगा घेऊन आली. ऐंशीच्या वर वय, पण जीभ तिखट. बसली आणि सरळ विचारलं, "तिकडं पीट पसरलं व्हतं का रं?"

मी म्हटलं, "गोदूबाई, दवाखान्यात गेली ती. तिथे कोण पीठ पसरू देणार?"

"मंग कसं कलनार तुला, कुटं गेली ती?"

आमच्याकडची ही जुनी रीत आहे. माणूस जिथे गेलं तिथे तांदळाचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा. सकाळी पिठात जे पाऊल उमटेल त्या जन्माला ते माणूस गेलं. पाखराचं, गाईचं, मुंगीचं, कसलंही. माझ्या वडिलांच्या वेळी मांजराचं उमटलं होतं आणि चुलते म्हणाले होते, म्हणूनच दादा दुधाला हपापलेला असायचा. आम्ही पोरं हसलो होतो.

"आता काय उपयोग," मी म्हणालो. "जीव तिकडे गेला."

गोदूबाई शेंगा सोलत म्हणाली, "सरीर तिकडं गेलं. जीव कुटं व्हता ते तुला ठावं."

१ डिसेंबर

आज सकाळी फिरायला जाताना दोन कप चहा केला. एक झाकून ओट्यावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "साखर कमीच घातलीय." परत आलो तर चहा संपलेला आणि दोन्ही कप पालथे.

मी खाली बसलो आणि बऱ्याच दिवसांनी रडलो. दुःखानं नव्हे. ही चहा प्यायली म्हणून.

तिकडच्या रकान्यात आता बावीस गोष्टी झाल्यात, इकडच्या रकान्यात सात. माठ त्यात धरलेला नाही.

४ डिसेंबर

आठ दिवसांवर तिकीट आलं. असं अधांतरी राहता येणार नाही. ही आहे का, आणि असली तर मला थांब म्हणते की जा म्हणते, एवढं मला कळायला हवं. कंपनीत असतो तर म्हटलं असतं, सॅम्पल घ्या.

बाजारातून तांदळाचं पीठ आणलं. दिवेलागणीला स्वयंपाकघरात माठाच्या तिवईपासून मागच्या दारापर्यंत चाळणीनं एकसारखं पसरलं. शेजारी पणती ठेवली. गुडघा चांगलाच बोलला. पीठ पसरल्यावर वर टोपली झाकायची असते, हे काम संपल्यावर आठवलं. आता एवढ्या जागेला पुरेल अशी टोपली कुठून आणू? तसंच राहू दिलं.

सातला कडी वाजली. मी पुढच्या खोलीत हात जोडून बसलो होतो. माझ्याबरोबर काम केलेल्या कोणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

५ डिसेंबर

सकाळी सहाला पाहिलं. मुंग्यांची एक ओळ, बाकी काही नाही. पीठ काल पसरलं तसं. इतका हिरमुसलो की न झाडताच फिरायला गेलो.

७.३५ ला परत आलो. मागच्या दारातून दोन पावलं आत आलेली होती. उघडी, माणसाची, बाईची. दुसरं पाऊल अर्धवट वळलेलं, पीठ फरकटलेलं, आणि मग तीच पावलं दाराकडे परत गेलेली.

माठ भरलेला नव्हता. चहाचा कप झाकलेला तसाच, वर साय धरलेली.

म्हणजे ही आली. पीठ पाहिलं आणि परत गेली.

मी काय करून बसलो? जी आपल्या घरात सुखानं वावरत होती तिला मी पीठ पसरून दाखवलं की तू मेलेली आहेस. विचारायची काय गरज होती? ती रोज पाणी भरत होती, आणखी काय उत्तर हवं होतं मला?

६ डिसेंबर

माठ अर्धा. कप तसाच.

पावलं अजून झाडली नाहीत. आज नीट बघितली. बोटं फाकलेली, टाच रुंद. हिचा पाय निमुळता होता. तिकडे सतत मोजे घालून बसायची, पाय नाजूक झाले होते. मेल्यावर पाय बदलतात का, हे मला माहीत नाही. कमलेशचे तीन फोन आले, उचलले नाहीत.

७ डिसेंबर

माठात तळाशी तांब्याभर पाणी. ते मी प्यायलो नाही. संध्याकाळी कडी मात्र वाजली.

८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी ३.३० ला पुढच्या पायरीवर कोणीतरी बसलेलं दिसलं, पाठ घराकडे. मोतीबाई. वीस वर्षं ती मागच्याच दारानं आली आणि मागच्याच दारानं गेली. पुढच्या पायरीवर मी तिला आज पहिल्यांदा पाहिलं. केस पुरते पांढरे झालेत.

तिनं मागे न बघताच विचारलं, "कोन गेलं, नाना?"

"काय?"

"पीट पायलं मी. अंदारात दिसलं नाय, पाय पडला माजा. मंग दिसलं. तीन दिस इचारायचा धीर नाय झाला." मग वळली. "पोरगा बरा हाय ना? कमलेश?"

"बरा आहे."

"सून?"

"तीही बरी आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळत होतं की आता तिसरं नाव येणार. ते आलं.

"मंग बाय कुटं हाय? आत निजलीया ना? तुमी आलात तवापासनं खोलीचं दार लावल्यालं. मी म्हनलं आजारी असंल, निजू दे. भांड्याचा आवाज सुदा नाय करायची मी."

एक महिना ती रोज सकाळी, मी पुलावर गेलो की, मागच्या दारानं येत होती. बंद दाराआड ही झोपली आहे असं समजून हलक्या हातानं कप धुवत होती. ओट्यावरचा चहा बाईनंच आपल्यासाठी झाकून ठेवला, असं तिला वाटलं होतं.

"मोतीबाई," मी म्हणालो, "ती गेली. फेब्रुवारीत. तिकडेच."

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोललो. दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही ज्या बाईची किल्ली काढून घे म्हणून मी हटून बसलो होतो तिला.

ती रडली नाही. पायरीच्या फरशीवर तळहात फिरवत राहिली. मग म्हणाली, "फोन थांबला तवा म्हनलं, नंबर बदलला असंल."

"तुला फोन करायची ती?"

"रोज. सकाळी मी आत आले की वाजायचा. म्हनायची, मोती, मागचं दार उगड. आता खिडकी उगड. डोंगर दिसतो का गं? मी सांगायची, आज दिसतो. आज धुकं हाय, नाय दिसत. तुळशीला पानी घातलं का, फडकं कसं घडी केलं, समदं इचारायची. किल्ली तिनंच ठिवली माज्याकडं. तुमाला सांगू नको म्हनली, रागावतील."

म्हणजे सव्वा वर्ष संध्याकाळी सातला ही तळघरात इस्त्री करत नव्हती. ती या घरात होती. मी वर गरम खोलीत टीव्ही बघत बसायचो आणि खाली ही एकेक खिडकी उघडत हिंडायची.

"शेवटी शेवटी काय म्हणत होती?"

"सक्रातीच्या आदी म्हनली, तिकिट काडलंय, आमी येतो. माठ भर. रोज ताजा भर, कवा पोचू नेम नाय. मंग सक्रात झाल्यावं येगळंच. म्हनली, जरा लांबलं. तू भरत राव."

"रागावली होती का माझ्यावर?" मी विचारलं.

"नाय वो. हसली. म्हनली, त्यांना नळाचं गरम पानी लय आवाडतं, ऱ्हाऊ दे."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "शेवटाला पानी कुनी पाजलं?"

कोणीही हे विचारलेलं नव्हतं. कमलेशला माहीत आहे म्हणून तो विचारत नाही, बाकीच्यांना सुचलं नाही. मी सांगितलं. दहा दिवस मी तिच्या उशाशी होतो. अकरा तारखेला सकाळी कमलेश म्हणाला, बाबा, घरी जाऊन जरा आंघोळ करून या. मी गेलो. अर्धा तास गरम पाण्याखाली उभा राहिलो. बरं वाटत होतं म्हणून आणखी थोडा उभा राहिलो. हर्षला बाहेरून दार वाजवत होती ते पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. कमलेश गाडी लावायला खाली गेला होता. हिच्याजवळ आमच्यातलं कोणीच नव्हतं.

"मंग पानी कुनीच नाय दिलं?"

"नर्सनं ओठ ओले केले असतील. मला माहीत नाही."

माझं समाधान होईल असं ती काही बोलली नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. उठली, घराला वळसा घालून मागे गेली, किल्लीनं दार उघडलं. पीठ केरसुणीनं गोळा करून तुळशीपाशी टाकलं. मग माठ उचलून अंगणात नेला, तळचं पाणी ओतलं आणि माठ धुण्याच्या दगडावर आपटून फोडला. माणूस गेलं की घरातलं पाणी ठेवत नाहीत. हे मलाही ठाऊक होतं.

किल्ली तिनं ओट्यावर ठेवली. जाताना म्हणाली, "ऱ्हानार असाल तर नवा माठ आना. जानार असाल तर नका आनू."

ती दारात असताना मी विचारलं, "संध्याकाळी सातला पण तूच येतेस का? कडी वाजते."

"सांच्याला? नाय वो. सांच्याला मी वाडीवं असते."

९ डिसेंबर

किल्ली ओट्यावर होती तशी ठेवून फिरायला गेलो, मागचं दार नुसतं लोटून. परत आलो तेव्हा किल्ली नव्हती. कप पालथा होता.

दुपारी कर्जतच्या बाजारातून माठ आणला. दत्ताच्या टेंपोत मांडीवर धरून. दत्ता म्हणाला, "नाना, बारा तारखेला जानार तुमी, आन माठ कशाला?" मी म्हटलं, गाडी हळू चालव.

११ डिसेंबर

कमलेशचा फोन उचलला. "बाबा, रकाने झाले का?"

"झाले. तिकडे बावीस, इकडे सात."

"मग?"

"मग काही नाही. माठ आणलाय मी."

"कसला माठ?"

"मातीचा."

मग मी त्याला आंघोळीचं सांगितलं. त्याला माहीत होतंच, पण माझ्या तोंडून नव्हतं. तो रडला, आणि म्हणाला की तुम्हाला घरी मीच पाठवलं होतं, तेव्हापासून मलाही झोप नाही. बिचारा पोरगा, नऊ महिने एका छपराखाली होतो आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. मार्चमध्ये इकडे ये म्हटलं. येतो म्हणाला.

१२ डिसेंबर

विमान आज होतं. सुटण्याची वेळ सायंकाळी ६.४०.

वीज ५.१५ ला गेली, अजून नाही. बंबाचा धूर घरभर. मला इथे सुख लागेल असं वाटत नाही, आणि ते मी इथे मागायलाही थांबलेलो नाही.

नव्या माठाचं पहिल्या तीन दिवसांचं पाणी प्यायचं नसतं, मोतीबाईनं परवा सकाळी बजावलं. भरायचं, दिवसभर ठेवायचं, ओतून टाकायचं. आतून हात फिरवायचा, साबण नाही. आज तिसरं पाणी. आज मी स्वतः भरलं, थोडं अंगावर सांडलं. फार गार होतं.

सातला मागच्या दाराची कडी वाजली. दोनदा. मी उठलो नाही.

"आजचं पिऊ नकोस गं," मी खुर्चीतूनच म्हणालो. "मातीची चव आहे अजून. उद्यापासून चांगलं लागेल."